‘म’च्या खणातलं निळं कार्ड

१

हे सगळं घडलं १९४७ सालच्या माघ महिन्यात. त्या वर्षाचं नाव काढलं की लोकांना ऑगस्ट आठवतो. मला फेब्रुवारी आठवतो. त्या महिन्यात एक लेख नाहीसा झाला, एक म्हातारा माणूस मनात सल घेऊन गेला, आणि एका निरपराध मुलाला चोर ठरवायला माझ्या हातचं एक कार्ड पुरेसं झालं.

सांगलीत तेव्हा एक पीक-अभ्यास मंडळ होतं. अध्यक्ष साताऱ्याला, कचेरी सांगलीला. कचेरी म्हणजे हळदीच्या वखारीवरचा मजला. खाली पोती रचलेली, वर आम्ही. जिन्याचा कठडा धरला की तळवा पिवळा व्हायचा. मी एकोणीस वर्षांची होते, मॅट्रिक झालेली. घरातल्या बायका म्हणायच्या, “राजमतीला लग्नाआधीच हळद लागली.”

त्या शुक्रवारी मी चार दिवसांनी कामावर आले, तर जोतिबा शिपाई जिन्यातच बसलेला.

“आलासा व्हय बाई? ताप उतरला का?”

“उतरला.”

“तुमचा उतरला, पर कचेरीला चढलाय. त्यो परदेशी सायबाचा लेख न्हाई का, जाडजूड? चोरीला गेला. आन् चोर कोन ठरलाय म्हायती हाय? आपला धन्यकुमार.”

मी त्याला ओलांडून वर धावले. दीड हजार लेखांच्या वीस पेट्या भिंतीला ओळीनं लावलेल्या होत्या. मी पहिलीच, ‘अ’ची पेटी उघडली. लेख नव्हता. वरच्या कार्डांच्या खणातून त्याचं कार्डही गेलं होतं.

सोमवारी दुपारी दोन्ही मी माझ्या हातानं तिथं ठेवली होती.

२

त्या लेखाबद्दल आणि आमच्या कामाबद्दल आधी सांगायला हवं.

पायगोंडा मगदूम नावाचे निवृत्त शाळामास्तर आमच्याकडे शास्त्रीय लेखांची लेखकवार सूची करत होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. हळद, आलं, ऊस, शाळू, जगात कुठंही कुणी त्यावर लिहिलं असलं तर त्या लेखकाचं नाव आमच्या खणात असलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. तेही मराठीत, अ पासून ज्ञ पर्यंत. म्हणायचे, “कवठे महांकाळचा पोरगा उद्या येऊन विचारंल, हळदीवर कुणी काय लिहिलंय? त्याला इंग्रजीच्या दारात का उभं करायचं?”

खरी मारामारी असायची ती आडनावांशी. जावातल्या डच लोकांच्या नावात ‘फान देर’ असायचं, ते धरायचं की सोडायचं? ब्रह्मदेशातल्या माणसाला आडनावच नाही, मग त्याला बसवायचं कुठं? आणि परदेशी कशाला, आमचे चिटणीस लालासाहेब जगताप-पाटील होतेच. अण्णांनी त्यांना एकदा विचारलं, “साहेब, तुम्हाला ‘ज’मध्ये घालू का ‘प’मध्ये?”

लालासाहेब म्हणाले, “दोन्हीकडे घाला.”

“दोन्हीकडे जेवायला मिळतं साहेब, राहायला एकच घर असतं,” असं अण्णा म्हणाले होते. लालासाहेब हसले नव्हते.

अण्णांची एक निर्णयवही होती. कोणत्या नावाचं काय करायचं ठरलं ते तारखेसह त्यात लिहायचं, आणि खाली चिटणीसांनी ‘वाचले’ म्हणून सही करायची. ठरलेलं घर बदललं की जुन्या जागी एक छोटं कार्ड ठेवायचं, ‘पाहा अमुक’. अण्णा त्याला पाहा-कार्ड म्हणत. “माणूस घर बदलून गेला तर शेजाऱ्याला सांगून जातो का नाही? तसं.”

हरवलेला लेख फिलिपाईन्सच्या होसे अल्कारास ई मोन्तेरो या शास्त्रज्ञाचा होता. साठ पानांचा, जाड पुठ्ठ्याचा, हळदीच्या कंदाला लागणाऱ्या कुजीवर. महायुद्धात तिकडची ग्रंथालयं जळाली होती, त्यामुळं दुसरी प्रत मिळायची आशा नव्हती. दोन वर्षं तो आमच्याकडे मोन्तेरो म्हणून ‘म’मध्ये होता.

त्या हिवाळ्यात अण्णांची छाती धरली आणि ते सांगलीच्या वेशीवरच्या माधवनगरला घरीच पडून राहिले. मी दर रविवारी जाऊन आठवड्याची कार्डं दाखवायची. त्या रविवारी त्यांच्या हातात बेळगावच्या एका गोवेकर मास्तरांचं पत्र होतं.

“राजमती, आपण त्या बिचाऱ्याला दोन वर्षं आजोळी ठेवलाय गं,” ते म्हणाले. “त्यांच्यात बापाचं आडनाव आधी आणि आईचं मागनं. मोन्तेरो आईकडचं. उद्या त्याला बापाच्या घरी ने.”

सोमवारी मी लेख ‘म’च्या पेटीतून काढून ‘अ’च्या पेटीत घातला. पेटी आधीच भरलेली. गुडघा लावून दाबावं लागलं. कार्ड नव्यानं लिहून ‘अ’च्या खणात लावलं. आता ‘म’मध्ये पाहा-कार्ड लिहून ठेवायचं, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात मला कचेरी सोडावी लागली. तीन वाजले होते. जोतिबाला म्हटलं, ताप आलाय.

शुक्रवारी परत आले तेव्हा ते राहिलेलं काम आठवलं. चोरी झाली आहे, चौकशीला साताऱ्याहून माणूस येणार आहे, आणि माझं काम अर्धवट. अण्णांना कळलं तर? मी पटकन दौत ओढली, पाहा-कार्ड लिहिलं, आणि कुणी बघत नाही असं पाहून ‘म’च्या खणात सरकवलं. लेख तर गेलेलाच आहे, मला वाटलं, या चतकोर कागदानं कुणाचं काय बिघडणार?

३

शनिवारी नाथाजी कदम आले. साताऱ्याकडचे, पन्नाशीचे, लष्कराच्या दप्तरखान्यात हवालदार म्हणून नोकरी झालेली. अध्यक्षांच्या गावचेच. अंगात खाकी गरम कोट, पायात नालाच्या वहाणा. पोलिसासारखे अजिबात दिसत नव्हते. सोयरीक बघायला आलेल्या मामासारखे दिसत होते.

लालासाहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि एका दमात सगळं सांगितलं. “मंगळवारी संध्याकाळी हा धन्यकुमार कवठे महांकाळच्या प्रयोगशेतावरून आला आणि लेख नाही म्हणून यानंच ओरडा केला. चोराच्या उलट्या बोंबा. नोंदवहीत बघा, दोन वर्षांत तो लेख नेणारा हा एकटा. पुण्याच्या परीक्षेसाठी याचा प्रबंध चाललाय हळदीच्या कुजीवरच. उचललंय कुठून ते परीक्षकाला कळू नये म्हणून मूळच गडप केलं. सोमवारी दहाला फौजदार येतोय. तोवर तुम्ही कागद पुरे करा.”

“तुमी मंगळवारी कुठं व्हता साहेब?”

“साताऱ्यात. अध्यक्षांच्या पंगतीला. बुधवारी सकाळच्या मोटारीनं निघालो, अकराला इथं. तोवर लेख जाऊन रात्र उलटली होती.”

“मग बुधवारी काय केलंसा?”

“किल्ली घेतली, आत जाऊन ‘म’ची पेटी पाहिली. रिकामी. बाकी कार्डांच्या भानगडीतलं मला काही कळत नाही. ते अण्णा जाणोत आणि ही मुलगी जाणो.”

“एक पेटी बघायला कितीसा येळ लागला?”

“अर्धा तास. नीट पाहिलं.”

नाथाजींनी मान हलवली. टेबलावर लालासाहेबांच्या नव्या पुस्तिकेचे छापखान्यातून आलेले कागद होते. ‘हळदीवरील कंदकूज: आमचे सांगली येथील निरीक्षण’. पुढच्या महिन्यात साताऱ्याच्या सभेत ती वाचली जायची होती. त्यावरच लालासाहेबांना मोठी जागा मिळणार, असं सगळे बोलत. नाथाजींनी एक पान वाचलं, मिशीत काहीतरी पुटपुटले आणि कागद ठेवून दिले.

मग जोतिबा.

“मंगळवारी सांजचं धन्यकुमार वरडला, तवा म्या कुलूप घातलं. किल्ली माज्या कंबरंला. बुधवारी सकाळी कसर लागू नये म्हून पेट्यांत कडुलिंबाचा पाला टाकतो, तसा टाकला. दर बुधवारचं काम माजं. मग साहेब आलं, किल्ली त्येंच्याकडं.”

“त्यात काय वावगं दिसलं?”

“मला वाचाय येतंय व्हय, वावगं दिसाया? पैल्या पेटीत पाला जाईना, एवढं मातूर खरं. बोटं खरचटली बघा. बाई लोक कोंबत्यात, मरण आमचं.”

मी खाली मान घातली. नाथाजींनी जोतिबाची खरचटलेली बोटं हातात घेऊन पाहिली.

शेवटी धन्यकुमार आला. मंडळाच्या प्रयोगशेतावर कामाला, अण्णांचा जुना विद्यार्थी. तेवीस वर्षांचा, उंच, उन्हानं रापलेला. बाप आष्ट्याकडचा, दोन एकर हळदीचा धनी. फौजदाराचं नाव निघाल्यापासून तो बाप आमच्या वखारीच्या दारात टोपी हातात घेऊन बसलेला असायचा.

“बियाणाचे कंद बुडवायच्या पाण्याची उष्णता किती ठेवायची, एवढंच बघायला मी लेख काढणार होतो,” धन्यकुमार म्हणाला. “‘म’चा खण उघडला. कार्ड नाही. ‘म’ची पेटी उघडली. लेख नाही. म्हणून ओरडलो.”

“खणात कायबी नव्हतं? ह्या नावाचं कंचंबी कार्ड?”

“काही नव्हतं. शपथेवर सांगतो.”

नाथाजी उठले, ‘म’चा खण ओढला आणि बोटानं कार्डं मागं-पुढं करू लागले. मग त्यांचं बोट थांबलं.

“मग हे काय हाय, गड्या?”

त्यांच्या हातात माझं पाहा-कार्ड होतं.

४

धन्यकुमारनं ते कार्ड वाचलं. ‘मोन्तेरो, होसे अल्कारास ई. पाहा: अल्कारास.’ त्याचा चेहरा आधी गोंधळला, मग पांढरा पडला.

“हे तेव्हा नव्हतं.”

लालासाहेब हसले. “कार्डांना पाय फुटले म्हणायचं. हवालदार, आता आणखी काय हवं? यानं कार्ड पाहिलं, ‘अ’मध्ये गेला, लेख उचलला, आणि आपल्याला ‘म’ दाखवत बसला.”

धन्यकुमार माझ्याकडे वळला. “चौगुलेबाई, तुम्ही सांगा. हे कार्ड कधी लावलंत?”

एवढंच विचारलं त्यानं. खोलीत तिघे पुरुष, दारात जोतिबा, खाली त्याचा बाप. मला ‘शुक्रवारी’ म्हणायचं होतं. पण शुक्रवारी म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, सोमवारी का नाही? सोमवारी का गेलात? चार दिवस कुठं होतात?

“सोमवारी,” मी म्हणाले.

पन्नास वर्षांवर होऊन गेली. तो शब्द अजून माझ्या तोंडात तसाच कडू आहे.

५

रविवारी पहाटे अण्णा गेले.

मी माधवनगरला पोचले तेव्हा गिरणीचे चार-सहा कामगार आणि त्यांचे जुने विद्यार्थी ओट्यावर बसले होते. नाथाजीही आले होते. अण्णांच्या पत्नी रंगुबाई माझ्या गळ्यात पडल्या नाहीत. भिंतीकडे बघतच बोलल्या.

“गुरुवारी लालासाहेब येऊन सांगून गेले, तुमच्या धन्यकुमारानं चोरी केली. तवापासनं अन्नाला शिवले न्हाईत. एकच विचारलं त्येंनी. म्हणाले, ‘साहेब, अ मध्ये बघितलं का?’ साहेब म्हणाले, ‘तिथंबी बघितलं, न्हाई.’ मग भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. लेकरावानी वाढवला व्हता धन्याला.”

नाथाजींनी हलकेच विचारलं, “आई, लालासाहेब त्याआधी कवा आलते?”

“बुधवारी सकाळी. मोटारीतनं हितंच उतरले. वहीवर सही घ्यायची ऱ्हायलीया म्हणून ह्यांनीच निरोप धाडला व्हता.”

त्यांनी उशाखालची निर्णयवही काढून दिली. नाथाजींनी पान उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि वही कोटाच्या आत घातली.

धन्यकुमार अंत्ययात्रेला आला, पण त्याला कुणी खांदा देऊ दिला नाही. तो सगळ्यांच्या मागून, वीस पावलं अंतर ठेवून चालत होता. मी ते ओट्यावरून पाहिलं.

६

दुपारी नाथाजी मला म्हणाले, “चल पोरी, कचेरी उघडून दे. एकच गोष्ट बघायची हाय.”

जोतिबा दाराशी बसला. नाथाजींनी ‘म’च्या खणातली दहा कार्डं काढून टेबलावर मांडली. मधोमध माझं.

“माझ्या नोकरीचं एक सांगतो,” ते म्हणाले. “लढाईत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन शिपाई एका पलटणीत. एक मेला. कारकुनानं कार्ड चुकून दुसऱ्याच्या जागी लावलं. तार भलत्याच घरी गेली. त्या बाईनं बांगड्या फोडल्या, न्हवरा जिता असताना. कारकून म्हणाला, एवढीशी चूक. तो कारकून मीच. तवापासनं मी एकबी कार्ड नुसतं वाचत न्हाई, बघतो.”

त्यांनी माझ्या कार्डावर बोट ठेवलं. “हे नऊ काळ्या शाईचे. ह्ये एकलं निळं. जोतिबा म्हणतो, काळी शाई बुधवारी संपली. गुरुवारी त्यानं बाजारातनं निळ्या शाईची पुडी आणून दौतीत कालवली. मग हे कार्ड सोमवारचं कसं?”

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“ताप सोमवारी आला, शुक्रवारी अंघोळ-बिंघोळ होऊन गेला,” ते दुसरीकडे बघत म्हणाले. “माझ्या घरात तीन भणी, दोन लेकी. त्यांनाबी असाच ताप येतो. चार दिवस कोपऱ्यात घोंगडीवर बसत्यात. पुस्तकाला शिवायचं न्हाई, बाहेर पडायचं न्हाई, आन् कुणाला सांगायचं न्हाई. त्यात लाजायचं काय ते मला आजवर कळलं न्हाई. पर उद्या दहाला एक पोरगं हातकड्यात जाईल. तेचं काय?”

“मी सांगते,” मी म्हटलं. “कार्ड शुक्रवारी लावलं.”

“बास. उद्या एवढंच सांग. का, ते कुणी विचारायचं न्हाई.”

पण विचारणारा माणूस होता.

७

सोमवारी साडेनऊला आम्ही सगळे त्या खोलीत होतो. धन्यकुमार खिडकीशी, त्याचा बाप उंबऱ्यात. लालासाहेब घड्याळ बघत होते.

नाथाजी मला म्हणाले, “सांग.”

“पाहा-कार्ड मी शुक्रवारी लिहिलं आणि लावलं. मंगळवारी ते तिथं नव्हतं. धन्यकुमार खरं बोलतायत.”

लालासाहेबांनी डोळे बारीक केले. “शनिवारी सोमवार म्हणालीस, आज शुक्रवार म्हणतेस. या दोघांचं काय आहे ते मला माहीत नाही, पण ही मुलगी त्याला वाचवते आहे. सोमवारी तीनला काम टाकून का गेलीस? ताप होता ना? मग डॉक्टरची चिठ्ठी दाखव.”

“साहेब—” नाथाजी म्हणाले.

“नाही, बोलू दे तिला.”

मी धन्यकुमारच्या बापाकडे पाहिलं. त्याची टोपी हातात चुरगळलेली.

“ताप नव्हता,” मी म्हणाले. “मी बाहेर बसले होते.”

जोतिबानं मान खाली घातली.

“झालं?” नाथाजी म्हणाले. “आता माझं ऐका. आपण समदे एक गोष्ट धरून बसलो की लेख मंगळवारी गेला, कारण मंगळवारी वरडा झाला. पर मंगळवारी लेख कुठंबी गेला नव्हता. पोरीनं सोमवारी त्याला ‘अ’मध्ये नेला आन् ‘म’मध्ये सांगावा ठेवायचा ऱ्हायला. धन्यकुमारला काय ठावं? तो जुन्या घरी गेला, दार रिकामं दिसलं, बोंबलला. लेख पाच हातांवर पैल्या पेटीत सुखरूप.”

“हे नुसते तर्क झाले.”

“जोतिबाची बोटं तर्क न्हाईत. बुधवारी सकाळी पैल्या पेटीत पाला जाईना. ये जोतिबा, आता हात घाल.”

जोतिबानं पहिल्या पेटीत हात घातला. तो मनगटापर्यंत आत गेला. “सैल हाय की! पाला पार तळाला पडलाय!”

“म्हंजे बुधवारी पाला टाकताना लेख व्हता आन् त्यानंतर गेला. त्या दिवशी किल्ली आधी जोतिबाकडं, मग तुमच्याकडं. जोतिबाला अक्षर येत न्हाई. दीड हजारांतनं तो नेमका एक काढणार कसा? धन्यकुमार अजून ‘म’मध्येच हुडकत व्हता. ‘अ’मध्ये हाय हे ठावं व्हतं तिघांना. अण्णा अंथरुणात, पोरगी कोपऱ्यात. आन् तिसरा हा.”

त्यांनी निर्णयवही उघडली. ‘अल्कारास ई मोन्तेरो यांस पित्याच्या आडनावाखाली, अ मध्ये.’ खाली बुधवारची तारीख, ‘वाचले’, आणि वळणदार पूर्ण सही: ला. जगताप-पाटील.

“कार्डांतलं कळत न्हाई म्हणालासा. ‘म’चीच पेटी बघितली म्हणालासा. मग मरत्या माणसाला ‘अ’मधीबी बघितलं असं कोण म्हणालं? माधवनगरला सही केली, हितं आलासा तर वरडा झालेला. लेख गेलाच हाय असं समद्यांना वाटतंय, आन् त्या राती आपण साताऱ्यात. अशी संधी परत येती व्हय?”

“मला त्या लेखाशी काय करायचंय?”

नाथाजींनी पुस्तिकेचा कागद उचलला आणि सावकाश वाचलं. “‘डिसेंबरच्या संततधार पावसात कूज झपाट्याने वाढते, असे आम्हांस सांगली येथे दिसून आले.’ जोतिबा, तुमच्याकडं डिसेंबरात संततधार असती?”

“आँ? आसती तर शाळू उभा ऱ्हायला असता व्हय?”

“हितं न्हाई. पर अल्काराससायबाच्या मुलखात असंल. काय रं धन्यकुमार?”

“त्यांच्या लेखाच्या चौथ्या पानावर आहे,” धन्यकुमार म्हणाला. त्या सकाळी तो पहिल्यांदाच बोलला. “तिकडे पूर्व किनाऱ्यावर तेव्हाच पाऊस असतो.”

लालासाहेब खुर्चीत बसले. म्हणाले, “बुधवारी संध्याकाळी हरिपूरच्या वाटेवर हळद शिजत होती. चुलवाणात टाकला.”

“आन् गुरुवारी अण्णांना जाऊन धन्याचं नाव सांगितलंसा,” नाथाजी म्हणाले. “लेख जळाला ते एक. त्यो म्हातारा जळाला, त्याची नोंद कुठल्या खणात करू?”

जिन्यावर फौजदाराची पावलं वाजली. धन्यकुमार बापाला हाताला धरून खाली घेऊन गेला. जाताना माझ्यापाशी थांबला. मग त्यानं मान हलवली आणि गेला.

८

त्यानंतर कोणाचं काय झालं ते सांगते, म्हणजे मी मोकळी.

लालासाहेबांवर खटला झाला नाही. अध्यक्षांनी बोभाटा नको म्हणून फौजदाराला चहा पाजून परत पाठवलं. पुस्तिका वाचली गेली नाही, राजीनामा ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ झाला. पुढं त्यांनी साखरेच्या व्यवहारात बरंच नाव केलं. त्यांच्या गावाच्या वेशीवर त्यांच्या नावाची कमान आहे, दोन्ही आडनावांसकट.

जोतिबा मंडळ बंद पडेपर्यंत दर बुधवारी पाला टाकत राहिला. रंगुबाई अण्णांमागं वर्षभरच राहिल्या. त्या माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. अण्णांच्या उशाशी बसून मी शनिवारी खरं सांगितलं असतं तर, हे त्यांनी कधी म्हटलं नाही आणि मी कधी विसरले नाही.

नाथाजींनी परत जाताना मला ते निळं कार्ड दिलं. म्हणाले, “जाळू नको. माझी ती तार अजून माझ्या पेटीत हाय.” ते १९५९ साली वारले.

सूची १९५१ साली छापून आली. अल्कारास तीत ‘अ’मध्ये आहेत. लेख नाही, नुसतं नाव.

धन्यकुमार त्याच उन्हाळ्यात धारवाडकडे गेला. त्याची परीक्षा झाली, पुढं तो चांगला पीकतज्ज्ञ झाल्याचं ऐकलं. माझं लग्न १९४८ च्या वैशाखात शेडबाळला झालं. आमच्यात सासरी नाव बदलतात. राजमती चौगुले गेली आणि चंदनबाला शेटे आली. त्या घरात राजमती हे नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

बारा वर्षांनी माहेरपणाला आले असता जोतिबा भेटायला आला. पार वाकला होता. फेट्याच्या घडीतून त्यानं एक पाकीट काढलं. धारवाडचा शिक्का, १९४९ चा. वर पत्ता: राजमती चौगुले, शेडबाळ. त्यावर पोस्टमनची तिरकी अक्षरं, ‘या नावाची व्यक्ती येथे नाही’. धारवाडात बिऱ्हाड पक्कं नसावं, मागं धन्यकुमारनं पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून सांगलीच्या जुन्या कचेरीचा दिला होता, म्हणून ते तिथं परत आलं आणि जोतिबाकडे राहिलं.

“तुमचं सासरचं नाव कचेरीत कुणालाच ठावं न्हवतं, बाई,” तो म्हणाला. “धाडणार कुठं? आन् म्हायेरी परक्या गड्याचं पत्र द्यावं कसं?”

आत चारच ओळी होत्या. ‘त्या दिवशी सर्वांसमोर तुम्ही जे बोललात ते माझ्याच्यानं बोलवलं नसतं. अण्णांचं मरण तुम्ही स्वतःकडे घेऊ नये. उत्तर आलं तर तुम्ही माहेरी याल तेव्हा मी सांगलीला येईन. न आलं तर तुम्ही मला क्षमा केली नाही असं समजेन.’

मी तेव्हा दोन मुलांची आई होते. त्याच्या घरीही मुलं होती असं ऐकलं. उत्तर लिहिलं नाही.

ते पत्र आणि ते निळं कार्ड मी एकाच पाकिटात ठेवलंय. पाकिटावर कुठलं नाव घालावं ते माझं अजून ठरलेलं नाही.